विश्लेषण : वर्गात सर्वांत पुढे, मधल्या सुट्टीत सर्वांत एकटा... ‘दुहेरी विशेष’ मुलांसाठी शाळेचा तो अर्धा तास अवघड का?

परीक्षेच्या तीन तासांसाठी सवलतींची यादी आहे. मधल्या सुट्टीच्या अर्ध्या तासासाठी काहीच नाही. आनंदवनामुळे देशाला माहीत झालेल्या वरोऱ्यासारख्या गावात तरी शाळांनी या अर्ध्या तासाकडे पाहायला हवे.

मधल्या सुट्टीची घंटा होते. खिचडीच्या रांगेत ताटांचा खणखणाट सुरू होतो, मैदानावर दोन मिनिटांत क्रिकेटचे संघ पडतात. समजा, वरोऱ्यातल्या एखाद्या शाळेत सहावीतला एक मुलगा आहे. स्टेशनवरून गेलेल्या मालगाडीला कोणत्या जातीचे इंजिन होते, कोळशाच्या रेकला किती वाघिणी होत्या, गाडी माजरीकडून आली की हिंगणघाटकडून, हे तो बिनचूक सांगतो. (चंद्रपूर जिल्ह्यात ‘वाघीण’ म्हटले की ताडोबा आठवतो. रेल्वेच्या मराठीत मालडब्यालाही वाघीणच म्हणतात आणि हा मुलगा ते दर वेळी आठवणीने सांगतो.) मोठे भागाकार तो तोंडी करतो. वहीत चार ओळी उतरवायला मात्र त्याला वीस मिनिटे लागतात.

खेळात तो पहिल्याच षटकात पंचाशी वाद घालतो. नियमाने त्याचेच बरोबर असते. तरीही तिसऱ्या दिवशी संघ पाडताना कोणीतरी म्हणते, ‘‘याले नोको घेऊ बे, हा लयच कायदे सांगते.’’ चौथ्या दिवसापासून तो भिंतीच्या कडेने एकटाच फिरू लागतो. आठवड्याभरात एकदा कोणीतरी चिडवते, तो ढकलून देतो, आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत त्याला ऐकावे लागते, ‘‘एवढा हुशार असून असा वागतोस?’’

हा मुलगा काल्पनिक आहे. पण असा एखादा विद्यार्थी आठवत नाही, असे म्हणणारा शिक्षक सापडणे कठीण.

‘दुहेरी विशेष’ म्हणजे नेमके कोण?

इंग्रजीत अशा मुलांना ‘ट्वाइस एक्सेप्शनल’ किंवा थोडक्यात ‘टू-ई’ म्हणतात. मराठीत अजून एकच एक शब्द रुळलेला नाही, म्हणून येथे ‘दुहेरी विशेष’ म्हणू. एखाद्या क्षेत्रात वयाच्या मानाने खूप पुढे असलेली क्षमता आणि त्याच मुलात एखादी अक्षमता, असे हे समीकरण आहे. क्षमता गणिताची असेल, चित्राची, संगीताची, यंत्रे उघडून जोडण्याची किंवा भाषेची. अक्षमता म्हणजे डिस्लेक्सिया, डिसग्राफिया, स्वमग्नता, एडीएचडी, हालचालींचा मेळ न बसणे, दृष्टी किंवा श्रवणाचा दोष यांपैकी काहीही.

अभियांत्रिकीच्या भाषेत सांगायचे तर प्रोसेसर वेगवान आणि प्रिंटर संथ. शाळा मात्र छापील पानावरून प्रोसेसरचा वेग ठरवते.

अशी मुले नजरेतून निसटतात ती तीन तऱ्हांनी. काहींची हुशारी इतकी ठळक असते की अडचण ‘आळस’ किंवा ‘लाड’ ठरते. काहींची अडचण इतकी ठळक असते की हुशारीकडे कोणी पाहतच नाही. आणि काहींच्या बाबतीत दोन्ही एकमेकांना झाकून टाकतात. मूल पन्नास-साठ टक्क्यांत, सर्वसाधारण दिसत राहते. ना स्कॉलरशिपच्या वर्गात, ना विशेष शिक्षकांच्या यादीत. नुकसान बहुधा या तिसऱ्या गटाचे सर्वाधिक होत असावे, कारण त्याच्यासाठी कोणी तक्रारसुद्धा करत नाही.

२००७ चा ‘तारे जमीन पर’ पाहिलेल्या प्रत्येकाला असा एक मुलगा माहीत आहे. चित्रात अफाट, वाचनात अडखळणारा ईशान. त्या चित्रपटाने डिस्लेक्सिया हा शब्द घराघरांत नेला. पण लक्षात राहिली ती नाचणारी अक्षरे, उत्तरपत्रिका आणि शेवटची चित्रकला स्पर्धा. डबा खाताना, मैदानावर, वसतिगृहात अशा मुलाचे काय होते, हा भाग चर्चेत फारसा आला नाही.

मग प्रश्न मधल्या सुट्टीचाच का?

वर्गात सगळे ठरलेले असते. कुठे बसायचे, कोणते पुस्तक काढायचे, कधी बोलायचे. दुहेरी विशेष मूल या चौकटीला कंटाळते खरे, पण तिचा त्याला आधारही असतो. मधल्या सुट्टीत ही चौकट अचानक नाहीशी होते. तिच्या जागी दुसरे नियम येतात आणि ते कुठेही लिहिलेले नसतात. कोणाच्या शेजारी बसून डबा खायचा, चेष्टा कुठे संपते आणि अपमान कुठे सुरू होतो, खेळात बाद असूनही ‘जाऊ दे ना’ कधी म्हणायचे, हे बाकीच्या मुलांना न शिकवता कळते. स्वमग्न मुलाला ते पाठ करावे लागते. त्यात आवाज. पत्र्याच्या शेडखाली शंभर-दीडशे ताटे एकदम वाजतात तेव्हा काही मुलांना तो नुसता गोंगाट राहत नाही, अंगावर आल्यासारखे होते.

एडीएचडी असलेल्या मुलाची गोष्ट उलट आहे. त्याला ही सुट्टी हवीच असते, धावल्याशिवाय पुढच्या तासाला तो बसूच शकत नाही. पण विचार करण्याआधी हात पुढे जातो, रांग मोडली जाते, भांडण होते. ज्याच्या हालचालींचा मेळ बसत नाही, त्याच्या हातून सोपा झेल सुटतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला कोणी संघात घेत नाही. आणि खूप पुढचे वाचणाऱ्या मुलीला तिच्या आवडीच्या विषयावर बोलायला त्या मैदानात कोणी सापडतच नाही. ती बाईंच्या टेबलाजवळ घुटमळते. बाई म्हणतात, ‘‘जा ग, मैत्रिणींसोबत खेळ.’’

नेमक्या याच वेळी मोठ्यांचे लक्ष सर्वांत कमी असते. शिक्षकही माणसेच, त्यांनाही डबा खायचा असतो, पोषण आहाराची नोंद करायची असते, ऑनलाइन माहिती भरायची असते. त्यामुळे घडते काय, तर शिक्षक पोहोचतात तेव्हा फक्त दुसरा अंक दिसतो. आठ दिवस चाललेले चिडवणे कोणी पाहिलेले नसते, ढकलणे मात्र सगळ्यांनी पाहिलेले असते. आणि मूल हुशार असल्यामुळे निष्कर्ष तयार असतो की ‘याला सगळे कळते, म्हणजे हा मुद्दाम करतो.’ दुहेरी विशेष मुलांच्या वाट्याला आलेले हे सर्वांत महागडे वाक्य असावे. गणित कळणे आणि गर्दी कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच त्यात विसरले जाते.

हा वेळ तसा किती? शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १,००० अध्यापन तास हवेत. सुट्टी अर्ध्या तासाची धरली तर २२० दिवसांचे ११० तास होतात. त्यात परिपाठाआधीचा वेळ, शिक्षक रजेवर असतानाचा मोकळा तास आणि शाळा सुटल्यावर एसटीची वाट पाहण्यात जाणारा वेळ मिळवा. आजूबाजूच्या खेड्यांतून तालुक्याच्या गावी शिकायला येणाऱ्या मुलांना हा शेवटचा हिशेब वेगळा सांगायला नको. ते अध्यापन तास कसे वापरायचे, याची पाठ्यपुस्तके आहेत, प्रशिक्षणे आहेत, तपासण्या आहेत. या तासांचा मात्र कोणी वाली नाही.

सुट्टी कापणे ही शिक्षा का चुकीची?

‘‘लिहून झाल्याशिवाय खेळायला जायचे नाही.’’ प्रत्येक शाळेत ऐकू येणारे हे वाक्य निरुपद्रवी वाटते. डिसग्राफिया असलेल्या मुलासाठी त्याचा अर्थ रोजची कैद असा होतो. ज्या कामात त्याचा हातच चालत नाही, त्याच कामासाठी त्याची रोजची मोकळी वेळ जाते. बाकीची मुले त्या अर्ध्या तासात मैत्री शिकतात, रुसवे काढायला शिकतात, हरायला शिकतात. हा मुलगा वर्गात बसून ‘माझा आवडता सण’ पूर्ण करत असतो. वर्षअखेरीस शेरा येतो, ‘मुलांमध्ये मिसळत नाही.’

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पीडिअॅट्रिक्सने, २०१३ मध्ये शाळेतील सुट्टीबाबत आपली भूमिका जाहीर केली. शिक्षा म्हणून किंवा अभ्यास भरून काढण्यासाठी मुलांची सुट्टी काढून घेऊ नये, असे तिने स्पष्ट म्हटले. त्यासाठी अमेरिकेपर्यंत जायची खरे तर गरज नाही. उरलेले लेखन तोंडी घेणे, वहीच्या दहा ओळींऐवजी तीन ओळी मागणे किंवा फळ्याचा फोटो पालकांच्या व्हॉट्सअॅपवर पाठवणे, यातले काहीही चालते आणि कशालाही पैसे लागत नाहीत. या लेखातली एकच गोष्ट उद्यापासून करायची असेल तर ही करावी.

कायदा आणि धोरण काय म्हणते?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये मंजूर झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वे आहेत. स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यात येतात, एडीएचडीचे नाव मात्र स्वतंत्रपणे नाही. याच कायद्याचे १६ वे कलम शाळांना सांगते की, दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्या आणि इतरांच्या बरोबरीने शिक्षण, तसेच खेळ व करमणुकीची संधी द्या. खेळ आणि करमणूक हे शब्द कलमात आहेत, हे फार कमी शाळांच्या लक्षात असते. मैदान ही मेहेरबानी नाही.

महाराष्ट्रात अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्याची सुरुवात १९९० च्या दशकातच झाली. जादा वेळ, लेखनिक, गणकयंत्र अशी ती यादी आज पालकांच्या चांगली परिचयाची आहे. ती मिळवण्यासाठी घरे किती खेटे घालतात, हेही सर्वांना माहीत आहे. पण सवलत गुणांशी जोडलेली असल्याने तिचा विचार परीक्षागृहाच्या दारातच थांबतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रज्ञावान मुलांचा विचार चौथ्या प्रकरणाच्या शेवटी आहे आणि दिव्यांग मुलांचा सहाव्या प्रकरणात. दोन्ही भाग चांगले आहेत. फक्त त्यांची आपसात गाठ पडत नाही, आणि आपला मालगाडीवाला मुलगा नेमका चौथ्या आणि सहाव्याच्या मध्ये राहतो. महाराष्ट्रात प्रज्ञावान मुलांसाठीच्या शिक्षणाचा विचार नवा नाही. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी १९६२ पासून त्यावर काम करते आहे. विशेष शाळांची परंपराही जुनी आहे. पण या दोन वाटा वर्षानुवर्षे वेगवेगळ्याच चालल्या.

गावात आनंदवन असताना वेगळे काय शिकायचे?

वरोऱ्याला दिव्यांगत्व अपरिचित नाही. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि गावाशेजारच्या माळरानावर आनंदवन उभे राहिले. तेथे अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळा आहेत, दिव्यांग तरुणांना हाताला काम शिकवणारे केंद्र आहे आणि ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद आहे. त्यात दिव्यांग कलाकार गातात, वाजवतात, नाचतात, आणि त्यांचे कार्यक्रम राज्यभर झाले आहेत.

स्वरानंदवनाचा कार्यक्रम पाहणाऱ्याला एक गोष्ट कळते. तेथे सुरुवात ‘याला काय येत नाही’ या प्रश्नाने होत नाही. आवाज कोणाकडे आहे, ताल कोणाकडे आहे, हे आधी पाहिले जाते आणि मग अडचणीभोवती व्यवस्था बांधली जाते. बाबांचा भरही दयेपेक्षा कामावर होता. दुहेरी विशेष मुलांच्या शिक्षणातले आजचे तज्ज्ञही क्रम हाच सांगतात, आधी बलस्थान आणि मग उणीव.

फरक आहे तो दिसण्याचा. अंध मुलाच्या हातातली काठी सगळ्यांना दिसते, त्यामुळे रस्ता करून दिला जातो. मूकबधिर मुलगी खुणांनी बोलते, त्यामुळे समोरचा थांबतो. आपल्या सहावीतल्या मुलाची अडचण कपाळावर लिहिलेली नाही. ज्या गावाने सर्वाधिक दुर्लक्षित माणसांना माणूस म्हणून वागवण्याचा धडा देशाला दिला, त्याच गावातल्या एखाद्या साध्या शाळेत न दिसणारी अडचण घेऊन एखादे मूल भिंतीकडेला फिरत असू शकते. हा दोष आनंदवनाचा नाही आणि त्या शाळेचाही एकटीचा नाही. पण ते पाहण्याची सवय या गावाला इतरांपेक्षा लवकर लागावी, ही अपेक्षा गैर म्हणता येणार नाही.

मधल्या सुट्टीत नेमके करायचे काय?

आधी एक आठवडा नुसते पाहायचे. मूल घंटेनंतर कुठे जाते, कोणाजवळ थांबते, किती वेळाने चिडते, कोणत्या दिवशी बरे असते. ही माहिती शिक्षकांपेक्षा खिचडी वाढणाऱ्या ताईंकडे आणि शिपाईमामांकडे जास्त असते. कोण कुठे बसून खाते, कोणाचे ताट अर्धे परत येते, हे त्यांना पाठ असते. त्यांना विचारण्याची पद्धत मात्र आपल्याकडे नाही.

मग आवडीचा धागा पकडायचा. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक आणि अमेरिकेतील कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातील प्राध्यापक टेंपल ग्रँडिन स्वमग्न आहेत. १९४७ चा त्यांचा जन्म. शाळेत त्यांना इतके चिडवले गेले की एका मुलीवर पुस्तक भिरकावल्यामुळे त्यांना शाळेतून काढण्यात आले. त्यांनी वारंवार सांगितले आहे की, घोडेस्वारी, इलेक्ट्रॉनिक्स आणि छोटी रॉकेट बनवण्याच्या गटात मात्र त्यांना कोणी चिडवत नसे. तेथे सर्वांचे डोळे एकमेकांकडे नसून समोरच्या कामाकडे असत. मैत्री तेथे आपोआप झाली, कोणी ‘जा, मिसळ’ म्हणून सांगितल्यामुळे झाली नाही.

हेच वरोऱ्यात आणायचे तर आठवड्यातून दोन दिवस, मधल्या सुट्टीत, एका वर्गखोलीत किंवा झाडाखाली एखादे मंडळ भरवावे. रेल्वेचे, पक्ष्यांचे, बुद्धिबळाचे, कागदी विमानांचे, जुने रेडिओ उघडण्याचे. ज्याला यायचे त्याने यावे. अट एकच, ते ‘अशा’ मुलांसाठीचे मंडळ ठरू नये. सगळ्यांसाठी उघडे असेल तरच मालगाडीवाल्या मुलाला तेथे मान मिळेल. ताडोब्याच्या इतक्या जवळ राहणाऱ्या मुलांत वाघांवर बोलायला गिऱ्हाईक कमी पडणार नाही, आणि दोन्ही प्रकारच्या वाघिणींवर एकाच मंडळात चर्चा व्हायलाही हरकत नाही.

तिसरी गोष्ट सोबत्यांची. अमेरिकेत कॉनी कसारी आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सर्वसाधारण शाळांतील ६० स्वमग्न मुले होती. काही गटांत मोठ्यांनी थेट त्या मुलाला कौशल्ये शिकवली, तर काहींत त्याच्या वर्गमित्रांना एकट्या पडलेल्या मुलाला कसे सामावून घ्यायचे ते शिकवले. मैदानावरचे एकटेपण कमी झाले ते मुख्यतः वर्गमित्रांना शिकवलेल्या गटांत. आपल्याकडे सगळे उपदेश त्या एका मुलालाच केले जातात. ‘तू जरा समजून घे’, ‘तू रागावू नकोस.’ संघ पाडणाऱ्या दोन कप्तानांशी पाच मिनिटे बोलणे त्याहून उपयोगी पडेल. सगळ्यांना नीतिकथा सांगू नये आणि त्या मुलाचे नाव घेऊन वर्गात जाहीर तर मुळीच करू नये. समजूतदार तीन-चार मुले निवडावीत, मुलींच्या गटातूनही, आणि कोणी बाजूला पडले तर कसे बोलवायचे, वाद झाला तर कसा थांबवायचा, हे त्यांच्याशी बोलावे.

काम देणे हा आपल्याकडचा जुना उपाय आहे आणि तो चांगलाही आहे. वेळेचे पक्के भान असलेल्या मुलाला घंटेचे काम द्यावे, मोजणी आवडणाऱ्याला धावफलक, शांतता हवी असलेल्या मुलीला वाचनालयाची नोंदवही किंवा झाडांचे पाणी. कायदे सांगणाऱ्याला पंच करण्याचा मोह होतो, तो टाळलेला बरा. तो नियम बरोबर लावेल आणि दोन दिवसांत सर्वांचा शत्रू होईल. खेळाचे पाच-सहा नियम सुट्टीआधी सर्वांनी मिळून ठरवून भिंतीवर लावणे जास्त सोयीचे. मग वाद त्याच्याशी राहत नाही, कागदाशी राहतो. मात्र कामाच्या नावाखाली मुलाला रोजच मैदानाबाहेर ठेवले जात नाही ना, हेही पाहायला हवे. ‘तो वाचनालयात खूश असतो’ हे वाक्य कधी खरे असते, तर कधी सगळ्यांच्या सोयीचे.

आवाजाचा त्रास असलेल्या मुलाला रांगेआधी पाच मिनिटे हात धुवायला सोडले तरी बराच फरक पडतो. सुट्टी संपण्याच्या पाच मिनिटे आधी एक छोटी घंटा दिली, तर खेळ अर्धवट सोडताना होणारी चिडचिड कमी होते. या दोन्ही गोष्टी सर्वांसाठी केल्या तरी कोणाचे काही बिघडत नाही.

यासाठी प्रमाणपत्र लागते का? अजिबात नाही. परीक्षेच्या सवलतीसाठी तपासण्या, शिक्के, फेऱ्या लागतात. डबा कोणासोबत खायचा यासाठी वैद्यकीय मंडळाची सही लागत नाही. गट साधन केंद्रातले समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक अनेक शाळांत फिरतात, त्यांची भेट होईल तेव्हा सल्ला जरूर घ्यावा. पण ते येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

मुलांना निदान ही सुट्टी तरी मोकळी नको का?

हा आक्षेप खरा आहे. शाळा, शिकवणी, गृहपाठ यांत अडकलेल्या मुलांकडे हा अर्धा तासच स्वतःचा उरतो, तोही मोठ्यांनी आखून टाकला तर काय राहिले? म्हणूनच मंडळ रोज नको, आठवड्यातून दोनदाच हवे. आणि मोठे माणूस मुलाच्या मागे सावलीसारखे फिरलेलेही नको, कारण त्यामुळे इतर मुले आणखी दूर जातात.

दुसरे असे की, एकटे बसलेले प्रत्येक मूल दुःखी नसते. चार तास गर्दीत काढल्यावर काही मुलांना वीस मिनिटे कोणाशीही न बोलता चिंचेखाली बसायचे असते, तो त्यांचा हक्क आहे. त्यांना ओढून खो-खोत उभे करणे हा आधार नाही, छळ आहे. फरक ओळखायचा कसा? बोलावले असता यायची मोकळीक आहे आणि तरी ते बसले आहे, तर तो एकांत. बोलावणारे कोणीच नाही, तर ते एकटेपण. मुलालाच विचारले तर तेही बहुधा नीट सांगते, फक्त घाईत आणि सर्वांसमोर विचारू नये.

‘यालाच का सवलत?’ असा प्रश्न इतर मुले विचारतील, त्यांचे पालकही विचारतील. चष्मा लावणाऱ्याला कोणी हा प्रश्न विचारत नाही, एवढे उत्तर पाचवीच्या वर्गाला पुरते. पालकांना जरा जास्त वेळ लागतो.

आश्रमशाळेत हा अर्धा तास किती मोठा होतो?

वरोऱ्याहून पूर्वेकडे गडचिरोली जिल्ह्यात गेले की प्रश्नाचे मापच बदलते. दुर्गम पाड्यांतली मुले आश्रमशाळांत, वसतिगृहांत राहून शिकतात. तेथे घंटा झाल्यावर घर नसते. संध्याकाळ, जेवणाची रांग, झोपण्याआधीचा वेळ, रविवार, सगळे त्याच मुलांसोबत आणि त्याच आवारात. दिवसा चिडवणारा रात्री शेजारच्या गादीवर असतो. घरी राहणाऱ्या मुलाला निदान चार वाजता सुटका मिळते.

येथे एक सावधगिरी हवी. भामरागडच्या बाजूची माडिया मुले शाळेत येतात तेव्हा मराठी त्यांच्यासाठी नवी भाषा असते. पहिली काही वर्षे ती गप्प दिसली तर तो भाषेचा प्रश्न असतो, त्याला अक्षमतेचा शिक्का मारणे हा अन्याय. उलट, झाडे, पाखरे, मासे, वाटा यांचे अफाट ज्ञान असलेले मूल केवळ मराठी वाचता येत नाही म्हणून ‘मठ्ठ’ ठरले, तर हुशारीही हुकली आणि खरी अडचण असेल तर तीही हुकली. अशा मुलाचे खरे रूप वर्गापेक्षा मोकळ्या वेळेतच दिसते, नदीवर, झाडावर, खेळात. हेमलकशाच्या लोक बिरादरी प्रकल्पाची निवासी शाळा १९७६ पासून याच मुलांसोबत आहे. निवासी शाळांच्या अधीक्षकांना आणि गृहपालांना मिळणाऱ्या प्रशिक्षणात कोठी, हजेरी आणि सुरक्षिततेसोबत संध्याकाळी पाच ते नऊ या वेळेत कोणते मूल कुठे असते, हाही विषय यायला हवा. ते चार तास गुणिले आठवड्याचे सात दिवस. वसतिगृहातल्या मुलाचा मैत्रीचा सगळा हिशेब तेवढ्यात होतो.

पालकांनी काय विचारावे?

‘‘आज काय शिकवले?’’ या प्रश्नाला हुशार मूल व्यवस्थित उत्तर देते आणि पालक निर्धास्त होतात. त्याऐवजी ‘‘डबा कोणासोबत खाल्ला?’’ आणि ‘‘सुट्टीत काय केले?’’ हे प्रश्न विचारून पाहावेत. सलग काही दिवस उत्तर टाळले गेले, रविवारी रात्री पोट दुखू लागले, डबा न खाता परत येऊ लागला, तर वर्गशिक्षकांना भेटावे. भेटताना तक्रारीची यादी नेण्यापेक्षा मुलाला काय आवडते, कशाने ते शांत होते आणि कशाने बिथरते, हे एका कागदावर लिहून न्यावे. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात शिक्षकांना ते स्वतःहून कळायला दिवाळी उजाडते.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. नव्या वर्गात पहिल्या पंधरा दिवसांत कोण कोणाशेजारी बसणार, कोण कोणत्या संघात जाणार, हे ठरून जाते, आणि एकदा ठरले की वर्षभर सहसा बदलत नाही. तो कागद नेण्याची वेळ हीच. पावसामुळे तेव्हा मैदानही ओले असते, सगळी मुले व्हरांड्यातच असतात. कोण कोणाजवळ उभे आहे, ते तेथे चटकन दिसते.